बागेत सोडलेला ससा मोकळा होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मुलीच्या हट्टापायी सात महिन्यांपूर्वी सशाची दोन पिल्लं आणली. दोन्ही माद्या आहेत असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, पण एक नर निघाला. तो आता अंगावर येतो, चावतो, सोफ्यावर लघवीच्या पिचकाऱ्या मारतो. मादी नऊ दिवसांपूर्वी व्यायली, सहापैकी चार पिल्लं जगली आहेत. मुलीचा उत्साह कधीच मावळला. जवळच मोठी बाग आहे, भरपूर गवत आणि झाडी. तिथे नेऊन सोडले तर मोकळ्या हवेत सुखाने राहतील ना?”

नाही राहणार. का ते पुढे सांगतो, पण आधी आजचं काम उरका. नराला आत्ताच्या आत्ता वेगळ्या खोलीत हलवा. मधे जाळी ठेवून भागवू नका, दार बंद करा. सशाच्या मादीला माजावर येण्याची ठरावीक वेळ नसते. नर लागला की त्यानंतर दहा-बारा तासांत तिचं बीज सुटतं, आणि व्याल्यावर एका दिवसाच्या आत ती पुन्हा गाभण राहू शकते. गाभणकाळ जेमतेम 30 ते 32 दिवसांचा. नऊ दिवस दोघं एकत्र असतील तर ही चार पिल्लं अंगावर पीत असतानाच पोटात पुढची वीण वाढत असण्याची शक्यता दाट आहे. म्हणजे आणखी तीन आठवड्यांनी तुमच्या घरात सहाचे बारा झालेले असतील.

आता बागेबद्दल.

वीस-बावीस वर्षं प्राण्यांचा दवाखाना चालवतोय, आणि त्यात सशांचे रोगी पुष्कळ. एका सकाळी फिरायला जाणारं एक जोडपं टॉवेलात गुंडाळून एक ससा घेऊन आलं. बागेच्या कुंपणाशी सापडला म्हणाले. पांढरा म्हणायचा, पण अंग मळकट पिवळं पडलेलं. वजन 1 किलो 100 ग्रॅम. त्या बांध्याच्या सशाचं दोनच्या आसपास हवं. उजव्या कानाला दाताने पडलेलं भोक. उताणा केला तर शेपटीखाली लेंड्या आणि लघवीने केसांचा गोळा थापला गेलेला. तो कात्रीने कापायला घेतला आणि खालची कातडी हलताना दिसली. अळ्या होत्या. ओल्या, घाण केसांवर माशी अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या जिवंत कातडीत शिरतात. चिमट्याने एकेक काढण्यात तास गेला. त्या वेळी माझं लक्ष त्याच्या नखांकडे गेलं. लांब, वळलेली, जराही न झिजलेली. माती उकरणाऱ्या सशाची नखं अशी नसतात. मागच्या पायांच्या तळव्यांवर तारेच्या जाळीने पडलेल्या जखमांचे घट्टे होते. म्हणजे पिंजऱ्यातून उचलून थेट बागेत ठेवलेला, आणि तेही चार-आठ दिवसांपूर्वीच. दुसऱ्या रात्री तो गेला.

सोडणाऱ्याच्या मनात दुष्टावा होता असं मला वाटत नाही. बहुधा तुमच्यासारखंच काहीतरी मनात असणार: गवत आहे, झाडी आहे, सशाला आणखी काय हवं!

या गैरसमजाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. मराठीत रानातला ससाही ससाच आणि पिंजऱ्यातलाही ससाच. प्रत्यक्षात ते दोन वेगळे प्राणी आहेत. माळरानावर गवतात दबा धरून बसणारा आणि चाहूल लागताच वाऱ्यासारखा सुटणारा तो रानससा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. तुमच्या घरातला ससा स्पेन-पोर्तुगालकडच्या, जमिनीत बिळं करून कळपाने राहणाऱ्या युरोपीय सशाचा माणसाळलेला वंशज. त्याची पिल्लं उघडी-नागडी, आंधळी जन्मतात आणि दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. रानसशाची गुणसूत्रं 48, घरच्याची 44. दोघांचा संकरसुद्धा होत नाही. तेव्हा ‘आपल्या जातभाईंत मिसळेल’ हा विचार डोक्यातून काढून टाका. बागेत त्याचं कुणीही नसतं.

शिवाय शेकडो वर्षं माणसाने त्याला निवडून निवडून पांढरा, गुबगुबीत, लोंबत्या कानांचा आणि माणसाला न घाबरणारा केला. बाहेर हा प्रत्येक गुण त्याच्या जिवावर उठतो. हिरवळीवर पांढरा रंग दिव्यासारखा दिसतो. कुत्रा दिसला तर तो पळण्याऐवजी जागच्या जागी थिजतो. बीळ आयतं नसतं, खणायला वेळ लागतो, आणि कुत्री, मांजरं, कावळे, घारी तेवढा वेळ देत नाहीत. ससेहोलपट हा शब्द आपण कामाच्या धावपळीला इतका सहज वापरतो की तो मुळात कुणाच्या हालांवरून आला हे आठवतही नाही.

इथे कुणीतरी ऑस्ट्रेलियाचं नाव काढणारच: तिथे सोडलेले ससे मेले कुठे, उलट खंडभर पसरले! बरोबर, पण ती गोष्ट नीट ऐकण्यासारखी आहे. 1788 साली पहिल्या ब्रिटिश जहाजांबरोबर पाळीव ससे तिथे पोहोचले होते. त्यानंतरही कितीतरी वेळा आणले, सोडले. सत्तर वर्षं खंडभर पसरण्यासारखं काही झालं नाही. मग 1859 मध्ये टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीची हौस भागवायला इंग्लंडहून 24 ससे मागवले. त्यांच्यात रानटी रक्त होतं, आणि उद्रेक झाला तो त्यांच्या वंशाचा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातूनही हाच निष्कर्ष निघाला. पुढे कुंपणं घालून झाली, 1950 मध्ये मुद्दाम सशांचा रोग पसरवून झाला, तरी तो प्रश्न आजतागायत मिटलेला नाही. तिथल्या क्वीन्सलंड राज्यात आजही परवान्याशिवाय साधा पाळीव ससा ठेवता येत नाही. तात्पर्य, सोडलेला ससा बहुतेक वेळा थोड्याच दिवसांत मरतो. क्वचित कुठे जगला, जोडीने सोडला असेल आणि शिकारी कमी असतील, तर तिथली झाडं, माती आणि मूळचे प्राणी यांची वाट लागते. त्यात सुखाने राहण्याची सोय कुठेच नाही. आणि पाळीव प्राणी असा टाकून देणं हा अनेक देशांत कायद्याने गुन्हा आहे.

आता माझा खरा मुद्दा. माझ्याकडे आलेल्या टाकलेल्या सशांचं वय मी दातांवरून, नखांवरून आणि अंगलटीवरून अजमावतो. एक ठरावीक वय पुन्हा पुन्हा येतं: पाच ते आठ महिने. तान्हं पिल्लू कुणी टाकत नाही, पाच वर्षांचा ससाही क्वचितच टाकला जातो. हे मधलंच वय का? कारण चौथ्या महिन्यापासून ससा वयात येतो. कालपर्यंत तळहातावर झोपणारं पिल्लू गुरगुरायला लागतं, पायांभोवती घिरट्या घालतं, लघवी उडवतं, हात घातला की चावतं. घरातल्यांना वाटतं, हा बिघडला. तो बिघडलेला नसतो. तुमचा नरही बिघडलेला नाही. त्याच्या अंगात पौगंडावस्था आली आहे आणि हे सगळं तो त्या पिंजऱ्याएवढ्या जगात करतोय.

यावर इलाज आहे, आणि तो बागेत नाही, शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे. नराची नसबंदी करून घ्या. छोटी शस्त्रक्रिया आहे. सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडेच करा एवढंच, कारण सशाची भूल कुत्र्या-मांजरासारखी नसते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, शस्त्रक्रियेनंतरही चार ते सहा आठवडे नर पिल्लं देऊ शकतो, त्यामुळे तेवढा काळ वेगळाच ठेवायचा. दोन, स्वभावही एका रात्रीत बदलत नाही. अंगातली संप्रेरकं ओसरायला तेवढेच आठवडे लागतात. पंधराव्या दिवशी “डॉक्टर, काहीच फरक नाही” म्हणून फोन करणारे लोक दुसऱ्या महिन्यात हमखास गप्प होतात.

मादीचीही करायची, पण पिल्लं दुधावरून सुटल्यावर. ती पुन्हा गाभण असेल तर केव्हा काय करायचं हे तपासून डॉक्टर ठरवतील. मादीची नसबंदी म्हणजे फक्त पिल्लांना आळा नव्हे. नसबंदी न झालेल्या सशांच्या माद्यांत वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. चार वर्षांपुढच्या माद्यांच्या काही अभ्यासांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त आढळलं आहे. लघवीतून रक्त येतंय म्हणून आणतात तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. (सशाची लघवी एरवीही गढूळ आणि कधी चक्क तांबूस असते, ते खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे. प्रत्येक लाल डाग रक्ताचा नसतो. पण शंका आली तर तपासून घ्या, अंदाज बांधू नका.)

विकणाऱ्याने फसवलं असं तुम्हाला वाटत असेल. शक्य आहे, पण खरं सांगायचं तर दहा-बारा आठवड्यांपर्यंत नराची वृषणं खाली उतरलेली नसतात, आणि कोवळ्या पिल्लात नर-मादी ओळखताना जाणकारही चुकतात. माझा जास्त राग आहे तो ‘बुटक्या जातीचा आहे, एवढाच राहील’ या थापेवर. तो एवढाच दिसतो कारण तो चार आठवड्यांचा असतो. आठ आठवडे आईजवळ राहायला हवं असलेलं पिल्लू गोड दिसण्याच्या नादात महिन्याभरातच विकलं जातं आणि कितीतरी घरं पहिल्याच आठवड्यात जुलाबाने मेलेलं पिल्लू उचलतात.

नसबंदीनंतरही घरातला संसार सुधारायचा असेल तर पिंजरा विसरा. पिंजरा हे फार तर सशाचं झोपण्याचं ठिकाण. दोन सशांना साधारण 3 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद जागा कायम मोकळी हवी. तीन-चार उड्या सलग मारता याव्यात, मागच्या पायांवर उभं राहिलं तर कान छताला लागू नयेत. जाळीची फरशी नको. घरभर लघवीचं म्हणाल तर नसबंदी झालेला ससा ट्रे वापरायला मांजराइतकाच पटकन शिकतो. युक्ती एकच: ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून ट्रेच्या एका टोकाला सुकं गवत भरून ठेवायचं. तो आपोआप तिथे जाऊन बसतो. विजेच्या तारा मात्र उचलून ठेवा किंवा पाइपात घाला. सशाला लोंबणारी तार म्हणजे कापायलाच हवं असलेलं मूळ वाटतं.

आणि खाणं. सशाला गाजर आवडतं, मुलांना साखर आवडते तसं. रोजचं अन्न म्हणून ते चालत नाही. पोटात जाणाऱ्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा गवताचा, सुक्या गवताचा हवा, आणि तो चोवीस तास समोर हवा. उरलेल्यात हिरवा पाला आणि चिमूटभर पेलेट, म्हणजे सशांसाठीचं गोळ्यांचं तयार खाद्य. सशाचे सगळेच्या सगळे 28 दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-अडीच मिलीमीटर. गवत चघळून ते झिजतात, मऊ पेलेट आणि बिस्किटांनी झिजत नाहीत. मग दाढेला सुळका येतो, तो जिभेत किंवा गालात रुततो, आणि ससा खायचं थांबवतो.

ससा खायचं थांबला की घड्याळ सुरू होतं. हे वाक्य मी प्रत्येक मालकाला दोनदा सांगतो. त्याचं आतडं म्हणजे कायम चालू असलेला गिरणीचा पट्टा. वरून माल येणं थांबलं की तो थांबतो, आत वायू धरतो, ससा दुखण्याने आणखी खात नाही. कुत्रं एक दिवस उपाशी राहिलं तर आपण वाट पाहतो. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. कोपऱ्यात पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून, दात करकरा वाजवत बसलेला ससा ‘शांत’ नसतो, दुखण्याने बेजार असतो. (गोंजारताना दातांचा हलका कुरकुर आवाज येतो तो वेगळा, तो सुखाचा.) सकाळी लेंड्या पाहायची सवय लावा. वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या, आत गवताचे तंतू: उत्तम. लहान, वेड्यावाकड्या, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या: सावध. द्राक्षाच्या घडासारखा मऊ चकचकीत पुंजका दिसला तर घाबरू नका. ती त्याची दुसऱ्या प्रकारची विष्ठा, एरवी तो ती थेट तोंडाने उचलून खातो आणि त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. ती रोज पडून राहत असेल तर मात्र पेलेट जास्त होतायत किंवा त्याचं तोंड तिथवर पोहोचत नाहीये.

घरातलं औषध देऊ नका. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलीन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलीन सशाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मारतं आणि दोन-चार दिवसांत सशालाही. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल असलेलं औषध सशाला विष आहे. ही दोन प्रकरणं माझ्याकडे दरवर्षी येतात, आणि दोन्ही प्रेमापोटी झालेली असतात.

मुलीबद्दल. ससा हा मुलांचा प्राणी आहे हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. त्याला उचललेलं आवडत नाही, कारण त्याच्या लेखी जमिनीवरून उचलणारा तो शिकारीच. मुलाने कान किंवा छाती धरून उचललं की तो मागच्या पायांनी जोरात झटका देतो, आणि त्या झटक्याने त्याचा स्वतःचा मणका मोडू शकतो. हाडं नाजूक, मागच्या पायांचे स्नायू दांडगे, असा तो विजोड बांधा. मुलीला सांगा, उचलायचं नाही, जमिनीवर पालथं पडून पुस्तक वाचायचं. वीस मिनिटांत तो नाक लावून जाईल. नसबंदी झालेला, मोकळा फिरणारा ससा हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो, ते एकदा पाहिलं की मावळलेला उत्साह परत येतो असा माझा अनुभव आहे. नाहीच आला तरी ससा तुमचा आहे, तिचा नाही. तो आठ ते बारा वर्षं जगणार आहे आणि तोवर ती घर सोडून शिकायला गेलेली असेल.

एवढं करूनही जमणार नसेल, तर दुसरं घर शोधणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण नसबंदी करूनच द्या. विकण्यासाठी पिल्लांची पैदास करणाऱ्यांकडे किंवा खाटकाकडे जाण्याची शक्यता त्यानेच बरीच कमी होते. ‘फुकट देणे आहे’ अशी जाहिरात करू नका. नेणाऱ्याला विचारा: आजारी पडला तर कोणत्या डॉक्टरकडे नेणार, पूर्वीचा ससा कितव्या वर्षी गेला, तुम्ही बाहेरगावी गेलात तर कोण बघणार. उत्तरं देताना जो चिडतो त्याला देऊ नका. प्राण्यांच्या निवारा संस्थांना विचारून बघा, पण तिथे ‘जागा नाही, यादीत नाव घालतो’ हे ऐकायची तयारी ठेवा. त्या यादीत थांबण्याचे दोन महिने घरी काढावे लागतात, आणि गंमत अशी की नसबंदीचा परिणाम दिसायलाही जवळपास तेवढेच लागतात. बरेच लोक यादीतून नाव काढून घेतात.

तुमच्या त्या बागेत आधीच कुणी सोडलेला ससा दिसला, तर पाठलाग करू नका. धावला की तो तुमच्याने सापडत नाही, आणि भीतीने दगावूही शकतो. पहाटे किंवा तिन्हीसांजेला, दोघा-तिघांनी, घडीचं कुंपण किंवा पुठ्ठ्याच्या मोठ्या पट्ट्या घेऊन हळूहळू घेर लहान करत जा आणि उघडा कॅरिअर (प्राणी नेण्याची पेटी) जमिनीवर ठेवून त्याला चालत आत जाऊ द्या.

राहिली चार पिल्लं. आई दिवसभर घरट्याकडे फिरकत नाही म्हणून तिने टाकली असं समजून बाटलीने दूध पाजायला जाऊ नका. सशाची आई चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, तीन ते पाच मिनिटं पाजते आणि मुद्दाम लांब राहते, म्हणजे शिकाऱ्याला वास लागत नाही. सकाळी पिल्लांची पोटं बघा. गोल, तट्ट आणि कातडी गुळगुळीत असेल तर ती प्यायली आहेत. पोटं खपाटीला गेलेली आणि कातडीला सुरकुत्या असतील तर त्याच दिवशी फोन करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवा. चौथ्या आठवड्यापर्यंत ती गवत कुरतडू लागतील, पण आठ आठवड्यांआधी कुणालाही देऊ नका, आणि दहाव्या आठवड्यात नर-मादी वेगळे करायला माझ्याकडे किंवा जवळच्या जाणत्या डॉक्टरकडे आणा.

नराला या आठवड्यात आणताना कॅरिअरमध्ये न घसरणारा टॉवेल आणि मूठभर गवत ठेवा. कुत्र्याच्या शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात तसं सशाला ठेवायचं नसतं. त्याला उलटी होतच नाही, उपास मात्र सोसत नाही. तेव्हा दारातून आत येईपर्यंत त्याला खाऊ द्या.